भिंतीबाहेरचे वंशज

तान्नी एत्रेशियाने दार उघडलं, रोझेलकडे पाहिलं आणि मग तिच्या खांद्यावरून मागे गाडीकडे पाहिलं. खरी पाहुणी अजून उतरायचीच आहे, असा तिचा चेहरा झाला होता.

"मीच रोझेल याफ्ता," रोझेल म्हणाली. "विद्यापीठातून आलेय. वंशजांच्या मोजणीसाठी."

"हो हो, ये ना! अगं, फोनवर तू इतकं शुद्ध बोललीस, की मला वाटलं..." काय वाटलं ते तान्नीने गिळून टाकलं आणि ती लगबगीने चहा टाकायला आत गेली.

रोझेलला याची सवय होती. चोवीस वर्षांची, संख्याशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेतलेली, आणि गोऱ्यांच्या दारात उभी राहिली की अजूनही कामवालीच्या जागेसाठी आलेली. तिने ते मनावर घेतलं नाही. कामच असं होतं की ते मिळावं म्हणून तिने याहून जास्त सोसलं असतं.

फान एल्सलो घराण्याचा मूळ पुरुष बारेन्ड हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा शिपाई. सोळाशे ब्याण्णव साली तो दक्षिण आफ्रिकेतल्या केपच्या बंदरात उतरला आणि पुढे रुस्टदालच्या खोऱ्यात त्याला जमीन मिळाली. दर पाच वर्षांनी त्याचे वंशज रुस्टदालला जमत. मोठा तंबू ठोकत, मेंढरं भाजत, स्तोत्रं गात. यंदा तीनशे तिसावं वर्ष होतं आणि घराण्याच्या मंडळाचे अध्यक्ष ऊम लोडेवाइक (इथे वडीलधाऱ्या पुरुषाला ऊम आणि बाईला तान्नी म्हणत) यांच्या मनात एक प्रश्न शिरला होता: बारेन्डचे आज एकूण किती वंशज हयात असतील? नुसतं हवेत सांगितलेलं नको, शास्त्रीय हवं. शनिवारच्या मेळाव्यात व्यासपीठावरून तो आकडा जाहीर व्हायचा होता, तोही मोजणाऱ्या व्यक्तीच्याच तोंडून. हातात पाच आठवडे होते.

तान्नी एत्रेशियाने घराण्याचं पुस्तक टेबलावर ठेवलं तेव्हा कप हलले. अकराशे चाळीस पानं. चाळीस वर्षं ती एकटी ते पुस्तक सांभाळत आली होती. आधी सासऱ्यांच्या हाताखाली, मग त्यांच्यामागे.

"क्रमांक कळतात ना तुला?" तिने विचारलं.

कळत होते. बारेन्ड म्हणजे ए१. त्याची सात मुलं बी१ ते बी७. नातवंडांना सी, पणतवंडांना डी, अशी एकेक पिढी एकेक अक्षर पुढे जायची. एखाद्याच्या नावामागची अक्षरं वाचली की तो कोणाचा कोण हे पायरी पायरीने उलगडत बारेन्डपर्यंत जाता यायचं. देशातल्या सगळ्या जुन्या गोऱ्या घराण्यांची पुस्तकं अशीच लिहिलेली. रोझेलला ती पद्धत पाहताक्षणी आवडली. यात गोंधळाला जागा नव्हती.

पाच आठवडे ती त्या पुस्तकात रमली, हे तिने नंतरही कधी नाकारलं नाही. सगळ्यांना मोजणं शक्य नव्हतं. मुलींची मुलं पुस्तकात एकच पिढी येत आणि नाहीशी होत, कारण त्यांचं आडनाव बदलायचं. म्हणून तिने साठ फांद्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, त्यांचा आजपर्यंत माग काढला आणि त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधला. शिवाय खोऱ्यात चुलतभावंडांची लग्नं इतकी, की एकच माणूस तीन-तीन वाटांनी बारेन्डपर्यंत पोचायचा. त्याला तीनदा मोजून चालणार नव्हतं. ती वजाबाकी करायला तिला आठवडा लागला. शेवटी आकडा आला सहा लाख दहा हजार, चाळीस हजार इकडे किंवा तिकडे.

आकडा आला की तो पाडायचा प्रयत्न करायचा, ही तिला लागलेली सवय. त्या सवयीनेच ती मेळाव्याआधीच्या मंगळवारी एका रकान्यापाशी अडकली.

पहिल्या चार पिढ्यांत चाळिशी ओलांडलेले बावन्न पुरुष होते. त्यातल्या अकराजणांपुढे 'अविवाहित' असं लिहिलं होतं, आणि त्या अकराही जणांपुढे वंशजांच्या रकान्यात शून्य. ते शून्य रोझेलनेही तसंच्या तसं आपल्या गणितात उतरवून घेतलं होतं. धडधाकट माणसं. शेती करणारी, शिकारीला जाणारी, सत्तरीत मेलेली. त्यांची घरं रिकामी नव्हती. त्या काळच्या याद्यांत त्यांच्या घरांत गुलाम बायका होत्या, त्यांची नावं आणि वयं होती. आणि त्या बायकांना पोरं होती. दर दोन वर्षांनी एक.

कायद्याने गोऱ्याला गुलाम बाईशी लग्न लावता येत नव्हतं. म्हणजे हे पुरुष मरेपर्यंत अविवाहित राहणार हे ठरलेलंच होतं. त्यावरून ते निर्वंश गेले हे कोणी ठरवलं?

बुधवारी ती केप टाउनच्या अभिलेखागारात जाऊन बसली. क्रिस्तियान, सी६, मृत्यू सतराशे शहाण्णव. त्याचं मृत्युपत्र दीड पानाचं होतं. त्यात लिहिलं होतं की माझ्या घरातली सारा, मूळची कोचीनची, ही माझ्यामागे मुक्त व्हावी, आणि तिच्या माझ्यापासून झालेल्या चार मुलांना प्रत्येकी एक गाय वासरासकट मिळावी. 'माझ्यापासून झालेल्या.' लेखनिकाने ते शब्द दुसऱ्या शब्दांइतक्याच शांतपणे लिहिले होते. डोंगरापलीकडच्या मिशनच्या बाप्तिस्मा-वहीत पुढच्याच वर्षी तीच चार मुलं होती. सगळ्यात धाकटीचं नाव डॉर्कस.

रोझेलने पेन्सिल खाली ठेवली. त्या मिशनच्या लोकांत, म्हणजे रोझेलच्याही घराण्यात, मुलींना आजीचं नाव ठेवायची रीत होती, आणि रोझेल पाच आठवडे जिच्या घरी राहत होती तिचं नाव डॉर्कस होतं.

ऑन्टी डॉर्कस म्हणजे रोझेलच्या आजीची बहीण. वय चौऱ्याऐंशी. घर क्लिपदोर्पमध्ये, रुस्टदालपासून पाच किलोमीटरवर. तिचा जन्म रुस्टदालच्या मजुरांच्या चाळीतला. आई कात्रिना चौसष्ट साली तिथेच वारली आणि तिला तिथेच पुरलं. नंतर चाळ पाडली गेली.

परतताना रोझेलने बस आधीच्याच थांब्यावर सोडली आणि ती रुस्टदालच्या दफनभूमीकडे चालत गेली. खरं म्हणजे तिला फक्त बघायचं होतं. चुना लावलेल्या भिंतीच्या आत फान एल्सलोंची संगमरवरी थडगी होती. भिंतीबाहेर निलगिरीखाली दगडांचे ढीग होते. कोणावर नाव नाही, एकावर फुटकी निळी बशी पालथी घातलेली. कुंपणाच्या खांबाला प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली एक नोटीस टांगली होती. तिने ती दोनदा वाचली. भिंतीबाहेरील अंदाजे चाळीस निनावी थडगी हलवून त्या जागी पाहुण्यांच्या गाड्यांसाठी सोय करण्याचा मंडळाचा अर्ज आहे. कोणाची हरकत असल्यास साठ दिवसांत वारसा कार्यालयाला कळवावी. शेवटचा दिवस सोमवार. खाली एक ओळ होती:

'हयात वंशज: माहीत नाहीत.'

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते रोझेलला त्या खांबापाशी कळलं. भिंतीच्या आतल्या एका माणसाचे वंशज मोजायला यांनी विद्यापीठातून माणूस आणलं होतं. चिठ्ठ्या टाकून, फांद्या निवडून, ऑस्ट्रेलियापर्यंत माग काढून. आणि भिंतीबाहेरच्या चाळीस जणांचे वंशज यांना माहीत नाहीत! पाच किलोमीटर! नोटीस लावली ती शेताच्या आतल्या रस्त्यावर, जिथे क्लिपदोर्पच्या माणसाला पाऊल ठेवायला परवानगी लागते.

तिने फोटो काढला. ऑन्टी डॉर्कसने तो फोन हातभर लांब धरून वाचला.

"माहीत नाहीत?" ती म्हणाली. "लोडेवाइकचे कपडे सात वर्षं मी धुतलेत. त्याच्या चड्डीची नाडीसुद्धा मला माहीत आहे, आणि मी त्याला माहीत नाही?"

"ऑन्टी, कोण कुठे पुरलंय ते तुला सांगता येईल?"

"आईचं सांगीन. बशी आहे तिथे. शेजारी पीट मामा. बाकीचं आता आठवत नाही गं. तेव्हा सगळं सांगितलं होतं ना त्या पोरीला."

"कुठल्या पोरीला?"

"ती नवी सून. वही घेऊन आली होती. त्र्याऐंशी साल असेल, माझा योहान तेव्हा शाळेत जायला लागला होता. याच खुर्चीवर बसली होती. कोण कुठे, कोणाची आई कोण, कोणाचा बाप कोण, सगळं विचारत होती. बाप म्हटल्यावर मी थांबले, तर म्हणते, सांगा ना, मी कुणाला बोलणार नाही." ऑन्टीने फोन टेबलावर पालथा ठेवला. "शब्द पाळला बाईने. खरंच कुणाला बोलली नाही."

गुरुवारी मंडळाची बैठक तान्नी एत्रेशियाच्याच जेवणघरात होती. बैठक म्हणजे ती, ऊम लोडेवाइक आणि चहाची किटली. ऊम लोडेवाइक एकाहत्तर वर्षांचे, द्राक्षमळेवाले, हात एवढे मोठे की कप त्यात बाहुलीचा वाटे. माणूस बोलायला गोड.

"सहा लाख दहा हजार!" त्यांनी टेबलावर थाप मारली. "एका शिपायाचे! ऐकलंस एत्रेशिया? पोरगी हुशार आहे. मी म्हटलं होतं ना, हुशार आहे?"

"तो पुस्तकातला आकडा आहे, ऊम," रोझेल म्हणाली. "खरा त्याहून मोठा आहे. सात ते नऊ लाखांच्या मध्ये."

"अरे वा! मग नऊ सांग!"

"अकरा अविवाहित पुरुषांपुढे शून्य लिहिलंय. ते शून्य नाही. त्यांच्या घरातल्या गुलाम बायकांपासून त्यांना मुलं झाली होती. सहाजणांचे पुरावे मी स्वतः बघितलेत. ती मुलं धरली तर आकडा तेवढा होतो."

ऊम लोडेवाइकचा हात टेबलावरच राहिला. त्यांना आकडा मोठा हवा होता. त्यातली माणसं नको होती.

"हे बघ मुली," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, "अंदाज म्हणजे अंदाज. त्यात काय धरायचं आणि काय सोडायचं हे आपल्या हातात असतं."

"धरायचं काय ते हातात असतं, ऊम. पण जे सोडलं ते सोडलं असं सांगावं लागतं. नाहीतर तो अंदाज नाही, ती थाप होते."

"पुस्तक लग्नांचं आहे, बाळ," तान्नी एत्रेशिया मध्येच म्हणाली. "माझ्या सासऱ्यांनी तसंच ठरवलं होतं."

"लग्न करायची कायद्याने मुभाच नव्हती, तान्नी."

"तेच म्हणतो मी," ऊम लोडेवाइक म्हणाले. "कायदा होता तसा होता. तो काही मी केला नाही. शनिवारी हजार माणसं येणार, नामिबियातून येणार, लहान मुलं असणार. त्यांच्यापुढे तू कोणाच्या पणजोबाने अंधारात काय केलं ते सांगणार? सहा लाख सांग, टाळ्या घे, मटण खा."

"आणि भिंतीबाहेरची थडगी?"

"त्यांचं काय? हाडं नीट पेट्यांत भरणार, नगरपालिकेच्या दफनभूमीत नेणार, पाद्री येईल, फुलं ठेवू. मजुरांसाठी एवढं कोण करतं सांग."

"त्यांच्या माणसांना विचारायला हवं होतं."

"कोणाला विचारू? नावंच नाहीत!"

रोझेलने तान्नी एत्रेशियाकडे पाहिलं. तान्नी चहा ओतत होती. कप भरला, बशीत सांडला, तरी ती ओतत राहिली.

"तान्नी, नावं नाहीत?"

"तू टार्ट घेतला नाहीस," तान्नी एत्रेशिया म्हणाली.

त्या रात्री रोझेलने गणित पुन्हा मांडलं, आणि तिला सगळ्यात जास्त राग स्वतःचा आला. तिला कोणी फसवलं नव्हतं. रकान्यात शून्य दिसलं, तिने शून्य घेतलं. पहिल्या वर्षाला शिकवतात की माहिती नसणं आणि शून्य असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परीक्षेत तिला त्या प्रश्नाला पैकीच्या पैकी गुण होते. आणि ज्यांच्या घरचं जेवत होती त्यांनाच तिने पाच आठवडे शून्य धरलं होतं.

शुक्रवारी तिने मिशनच्या वहीतून उतरवून आणलेल्या नोंदींवरून क्रिस्तियानपासून खाली पुस्तकाच्याच पद्धतीने पायऱ्या लावल्या. सी६, मग डी४, म्हणजे साराची धाकटी डॉर्कस, मग खाली, खाली. कागद घेऊन ती स्वयंपाकघरात गेली. मेळाव्यात प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा आणि क्रमांकाचा बिल्ला असायचा. बिल्ल्याशिवाय आत सोडत नसत.

"ऑन्टी, हा बघ तुझा क्रमांक. त्यांच्याच पद्धतीने. उद्या हा गळ्यात घालून चल. बघू कोण अडवतं."

ऑन्टी डॉर्कस स्नूक माशाचे काटे काढत होती. तिने कागदाला हात लावला नाही.

"हे काय आहे?"

"तू बारेन्डची वंशज आहेस याचा पुरावा."

"मी मागितला होता?"

"तसं नाही, पण..."

"सारा त्या माणसाच्या घरात खुशीने राहत होती का गं? तुझ्या कागदात आहे ते?"

"कागदात नसतं ते, ऑन्टी."

"मग. तुला वाटतं मी चौऱ्याऐंशीव्या वर्षी त्यांचा पट्टा गळ्यात अडकवून मिरवीन? मला त्या शिपायाची नात व्हायचं नाही. मी कात्रिनाची मुलगी आहे, तेवढं मला पुष्कळ आहे. तिच्या शेजारी मला पुरायचं आणि तिला कोणी हलवायचं नाही. यात अक्षरं कुठे येतात?"

"येतात, ऑन्टी. ते म्हणतात तिथे कोण आहे ते माहीत नाही. त्या बाईच्या वहीत आहे. ती वही बाहेर काढायची तर उद्याच. सोमवारी मुदत संपते."

ऑन्टीने बोटाला लागलेला काटा काढला. "मग मीही येते," ती म्हणाली. "पण हे लोढणं नको."

तंबूच्या तोंडाशी एक तरुण बाई याद्या घेऊन बसली होती. तिने हसून रोझेलला 'वक्ता' असा बिल्ला दिला आणि मग मागे उभ्या असलेल्या ऑन्टी डॉर्कसकडे वळली.

"स्वयंपाकाकडे जायचा रस्ता मागून आहे, ऑन्टी."

"मी जेवण करायला नाही आले."

"मग तुमचा क्रमांक?"

"नाही माझ्याकडे. माझी आई इथे आहे. तिला भेटायला आले."

बाईने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. "आईचं नाव काय?"

"कात्रिना. बाहेर आहे, झाडाखाली. तुमच्या यादीत नसणार."

बाईला काय करावं कळेना. रोझेल म्हणाली, "त्या माझ्याबरोबर आहेत," आणि ऑन्टीचा हात धरून तिने तिला मधल्या वाटेने पुढे नेलं. दोन्हीकडे फांद्यांचे फलक लावले होते: बी१चे लोक इकडे, बी२चे तिकडे. माणसं खुर्च्या सरकवून एकमेकांचे बिल्ले वाचत होती, खांद्यावर थापा मारत होती. ऑन्टी पहिल्या रांगेत जाऊन बसली. शेजारच्या गृहस्थाने सभ्यपणे आपली टोपी उचलून मांडीवर घेतली, आणि तो एक खुर्ची सोडून पलीकडे सरकला.

ऊम लोडेवाइकनी प्रार्थना म्हटली, हवामानावर विनोद केला आणि रोझेलला बोलावलं. "आमची छोटी शास्त्रज्ञ!" ते म्हणाले.

रोझेलने कागद आणला नव्हता. तिने साठ फांद्यांबद्दल सांगितलं, चुलतभावंडांच्या लग्नांबद्दल सांगितलं तेव्हा तंबू हसला. "पुस्तकावरून येणारा आकडा सहा लाख दहा हजार," ती म्हणाली. टाळ्या सुरू झाल्या. ती टाळ्या संपायची वाट बघत थांबली नाही. "तो चुकीचा आहे. चूक माझी आहे. मी अकरा माणसांपुढचं शून्य तपासल्याशिवाय घेतलं."

टाळ्या विरळ झाल्या. तिने क्रिस्तियानचं नाव घेतलं, साराचं घेतलं, चार मुलं आणि चार गाई सांगितल्या. "ही मुलं धरून बारेन्डचे हयात वंशज सात ते नऊ लाख होतात. म्हणजे इथे जेवढे क्रमांकवाले आहेत, त्या दर तिघांमागे निदान अर्धा आणि फार तर दीड माणूस बिनक्रमांकाचा आहे. तो ऑस्ट्रेलियात नाही. तो क्लिपदोर्पमध्ये आहे. तुमच्या मळ्यात द्राक्षं तोडतो. आणि त्याची आई, आजी, पणजी इथून तीस पावलांवर पुरलेली आहे. तिथे तुमच्या मंडळाने नोटीस लावली आहे, की यांचे हयात वंशज माहीत नाहीत. सोमवारी मुदत संपते. मग तिथे तुमच्या गाड्या उभ्या राहणार."

ऊम लोडेवाइकनी माईक तिच्या हातातून घेतला, तोही हळूच, मुलाच्या हातातून सुरी घ्यावी तसा.

"मित्रहो, तरुण रक्त आहे, तापतं. पण पुराव्याशिवाय आरोप नकोत. तिथे कोण पुरलंय याची नोंद कुठेही नाही. असती तर आम्ही माणसं आहोत, दगड नाही. ज्यांना माझ्यावर विश्वास नाही त्यांनी एत्रेशियाला विचारा. चाळीस वर्षं पुस्तक तिच्याकडे आहे. सांग एत्रेशिया, आहे नोंद?"

हजार माना वळल्या. तान्नी एत्रेशिया बी३च्या फलकाखाली बसली होती, मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

"पुस्तकात नाही," ती म्हणाली.

"ऐकलंत?" ऊम लोडेवाइक म्हणाले.

पहिल्या रांगेतून ऑन्टी डॉर्कस उठली. उठायला तिला वेळ लागला. तिने मागे वळून तान्नीकडे पाहिलं आणि मोठ्याने विचारलं, "ती निळी वही कुठे गेली गं, पोरी? की जाळलीस?"

तान्नी एत्रेशियाचा चेहरा लाल झाला, मानेपर्यंत. हिशेबाच्या चुकीचा, खोटारडेपणाचा, कसलाही आळ तिने सोसला असता. पण एखादी नोंद जाळल्याचा आळ?

"मी कधी कागद जाळला नाही!" ती जवळजवळ ओरडलीच. "आयुष्यात नाही! सगळं पेटीत आहे. पलंगाखाली. नकाशासकट. एकेचाळीस थडगी आहेत, लोडेवाइक, चाळीस नव्हेत. एक तान्हं मूल आहे. मी तुला अर्जाच्या वेळीच म्हटलं होतं, की आधी मला विचार."

माईक चालूच होता. ऊम लोडेवाइकचा श्वास सगळ्या तंबूला ऐकू येत होता. मागे कोणीतरी म्हणालं, "म्हणजे त्याला माहीत होतं?" आणि मग एकदम सगळेच बोलू लागले. कोणी निघून गेलं, कोणी रोझेलला ऐकू जाईल असं 'कृतघ्न' म्हणालं. नामिबियाहून आलेली एक म्हातारी ऑन्टीच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीवर येऊन बसली आणि तिने विचारलं, "साराबद्दल आणखी काही माहीत आहे का तुम्हाला?"

"तुम्हाला आत्ता हवंय होय?" ऑन्टी म्हणाली.

रोझेल पेटी आणायला गेली तेव्हा तान्नी एत्रेशियाने ती स्वतःच ओसरीवर आणून ठेवली होती. जुन्या बुटांची पेटी, दोरीने बांधलेली. वर निळी वही.

"मला वाटायचं, कोणीतरी येऊन मागेल," तान्नी म्हणाली. "चाळीस वर्षं कोणी मागितली नाही."

"कोण मागणार होतं, तान्नी? कोणाला माहीत होतं?"

तान्नीला फक्त बरं वाटून घ्यायचं होतं. रोझेलने तो दिलासा दिला नाही. तिने पोच लिहून दिली, दोन प्रतींत, आणि पेटी उचलली.

रविवारी चर्च सुटल्यावर क्लिपदोर्पच्या सभागृहात वही उघडली. रोझेल नावं वाचत गेली आणि लोक हात वर करत गेले. सोमवारी सकाळी त्यांना घेऊन एक भाड्याची बस केप टाउनला गेली. मेळाव्याच्या पुस्तिकेत तोवर सहा लाख दहा हजार छापून झाले होते. रोझेलचं नाव काढलं होतं आणि तिचं मानधनही.

वारसा कार्यालयातल्या कारकून बाईने हरकतीच्या अर्जांचा गठ्ठा पाहिला, चष्मा लावला आणि मंडळाचा मूळ अर्ज काढून समोर ठेवला. 'हयात वंशज' या शब्दांपुढे टंकलेली ओळ तिने लाल पेनाने आडवी खोडली.

"इथे मी आता काय लिहू? किती आहेत एकूण?"

रोझेलने तोंड उघडलं. एकेचाळीस थडगी, पिढ्या निदान सहा, नोंदी अपुऱ्या. "नक्की सांगता येणार नाही. अंदाज द्यायचा तर मला थोडा वेळ..."

"अंदाज कशाला?" ऑन्टी डॉर्कस म्हणाली. "माणसं उभी आहेत ना समोर. मोज की."

कारकून बाई उठली आणि दारापाशी जाऊन बोट दाखवत मोजू लागली. बाकांवर, जिन्यात, खाली बसपाशी. परत येऊन तिने लिहिलं: 'आज समक्ष हजर, त्रेसष्ट.' मग पहिला अर्ज ओढला.

"नाव?"

"डॉर्कस याफ्ता."

"मृत व्यक्तीशी नातं?"

"मुलगी."

बाईने शिक्का मारला. "निकाल लागेपर्यंत कोणी एक दगड हलवू शकणार नाही. पण निकालाला तीन महिने लागतील, ऑन्टी. कदाचित चार."

"लागू देत," ऑन्टी डॉर्कस म्हणाली. "तोवर मी मरत नाही म्हणून कळव त्या लोडेवाइकला. आणि पुढचा कोण उभा आहे त्याला बोलाव, बस चारला सुटते."